मामाजींची बंदूक आणि भाच्याची चिमणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाजींनी मला एक प्रश्न विचारला. मी त्याचं उत्तर दिलं, तेही कागदावर आकडेमोड करून, आणि स्वतःवर जाम खूश झालो. त्याच दिवशी संध्याकाळी मला आणखी एक प्रश्न विचारला गेला होता. त्यात मी सपशेल नापास झालो, आणि नापास झालोय हे कळायलाही मला पुढचं सेमिस्टर लागलं. मित्रांनो, हा लेख खरं तर त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आणि तोच प्रश्न शंभरेक वर्षांपूर्वी विचारणाऱ्या एका पोराबद्दल आहे. पण सुरुवात पहिल्या प्रश्नापासून करावी लागेल.

मामाजींचं गाव उमरेडच्या पलीकडे, जंगलाला लागून. तूर, सोयाबीन, थोडा धान. रानडुकरांचा कळप एका रात्रीत महिन्यांची मेहनत नासवून जातो. त्यामुळे आजोबांच्या काळापासून घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक आहे. माझा मामेभाऊ बारा वर्षांचा. गुलेर त्याच्या खिशातून सुटत नाही आणि बंदुकीवरून नजर हटत नाही. मामाजी म्हणाले की पोराच्या नावावर परवाना निघत नाही हे मला माहीत आहे, पण चार-पाच वर्षांनी मचाणावर रात्र त्यालाच काढायची आहे. तोपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर त्याने हत्यार ओळखावं. दुसरी बंदूक घ्यायची झाली तर कोणत्या बोअरची घ्यावी? तू मेकॅनिकल करून राहिला ना, सांग.

आता एवढं म्हटल्यावर मी थोडाच थांबतो. आधी बोअर म्हणजे काय ते सांगितलं. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याचे सारखे बारा गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. वीस गोळे केले तर वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी लहान. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, भागिले बारा, ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४. गोलाच्या घनफळाच्या सूत्रात घातलं की व्यास येतो १८.५ मिलिमीटर. वीस बोअरचा येतो १५.६. आणि चारशे दहा नावाची जी बारकी बंदूक असते, ती या हिशोबात बसत नाही. तिचा आकडा थेट इंचाच्या हजारांशात, म्हणजे १०.४ मिलिमीटर. तिला बोअरमध्ये मोजलं तर सदुसष्टच्या आसपास जाईल.

मग धक्का. संवेगाची अक्षय्यता आपल्याला अकरावीत शिकवतात, पण खांद्याला ती आधीच कळलेली असते. बारा बोअरचे ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला साधारण ३७० मीटर वेगाने निघतात. बंदूक तीन किलोची असेल तर, दारूच्या वायूंचा हिशोब सोडूनही, ती सेकंदाला जवळपास चार मीटरने मागे येते. म्हणजे खांद्यावर २३ ज्यूलच्या वर. पोरासाठी हलकी घेऊ म्हणून अडीच किलोची घेतली, तर तोच आकडा २८ वर जातो. इथेच सगळे फसतात. लहान मुलाला हलकी बंदूक म्हणजे दया वाटते, पण काडतूस तेच असेल तर हलकी बंदूकच जास्त मारते. चारशे दहा बोअरचा धक्का यांच्या पाव हिश्शाएवढाच, पण तिच्यात छर्रे कमी. नेम जरा चुकला की जनावर मरत नाही, जखमी होऊन झुडपात जातं. शिकाऊ माणसाचा नेम तर चुकणारच. म्हणून मधली वीस बोअर, बेतशीर वजनाची, असा निकाल मी दिला. मामाजींनी मान डोलावली. मामींनी चहा दिला.

त्याच संध्याकाळी मामेभाऊ गोठ्याच्या बाजूने आला. हातात गुलेरने पाडलेला एक पक्षी. मुठीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. दादा, हा कोणता पक्षी आहे, असं त्याने विचारलं. मी मोबाईलमधून डोकं वर केलं आणि सांगितलं की फेक तो आणि साबणाने हात धू, रोगराई असते. तो क्षणभर उभा राहिला, मग गोठ्यामागे जाऊन फेकून आला. विषय संपला.

पुढे परीक्षेच्या पीएलमध्ये, जेव्हा अभ्यास सोडून जगातलं काहीही वाचावंसं वाटतं, तेव्हा ग्रंथालयात सलीम अलींचं आत्मचरित्र हाती लागलं. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, १९८५ सालचं. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं: पक्षी, दुर्बीण, पांढरी दाढी. मला वाटलं होतं की लहानपणापासून पाखरांवर माया करणारा कुणी हळवा माणूस असेल. पहिल्याच प्रकरणात तो पोरगा बंदूक घेऊन उभा.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांतलं शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मग सगळ्या भावंडांना खेतवाडीत राहणाऱ्या मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजींनी, वाढवलं. मामा-मामींना स्वतःचं मूल नव्हतं. घर मोठं, माणसांनी भरलेलं, आणि मामा पक्के शिकारी. त्या काळी त्या घरांत शिकार म्हणजे मर्दानी खेळ. पोरांच्या नेमबाजीच्या शर्यती लागत. त्यांच्यात सलीमचा एक लांबचा चुलत भाऊ होता, इस्कंदर मिर्झा, नेमाचा फार पक्का. तो पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्या या भिडूचं स्वप्न त्याहून साधं होतं. त्याला मोठ्या जनावरांचा नामांकित शिकारी व्हायचं होतं. वाचायचाही शिकारीचीच पुस्तकं.

आता मामाजींचा प्रश्न इथे लावून बघा. शिकारी मामाने या भाच्याच्या हातात काय दिलं? बारा नाही, वीस नाही, चारशे दहाही नाही. दिली ती हवेची बंदूक, जवळजवळ खेळण्यातली. स्प्रिंग दाबायची, दट्ट्या सुटतो, नळीतली हवा बारीक छर्रा ढकलते. खांद्याला धक्का जवळपास शून्य. तिने वाघ मरत नाही, डुक्कर मरत नाही. चिमणी मात्र मरते.

आणि चिमण्या मेल्या. खेतवाडीच्या घरी घोडागाडी ठेवायच्या तबेल्यात भिंतीच्या एका भोकात चिमण्यांचं घरटं होतं. भोकाजवळ खिळ्यावर नर बसायचा, मादी आत अंडी उबवायची. नऊ-दहा वर्षांचा सलीम उभ्या गाडीच्या आडून नेम धरायचा. नर पडला. थोड्या वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही त्याच खिळ्यावर बसला. तोही पडला. सात दिवसांत त्याने त्या एका जागेवरून आठ नर मारले आणि दर वेळी मादीपाशी पुढचा नर हजर होता.

वाचताना मला कसंतरी झालं. पण त्या पोराने एक गोष्ट अशी केली जी आपण कुणीच करत नाही. त्याने हे सगळं वहीत लिहून ठेवलं. कुठे बसला, कोण आत होतं, किती दिवसांत किती. ते लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुमारे साठ वर्षांनी ती नोंद जवळजवळ जशीच्या तशी पक्षिनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापली गेली, कारण चिमण्यांच्या जोड्या कशा जमतात याबद्दल ती खरंच काही सांगत होती. शिकारीचा हिशोब म्हणून लिहिलेली वही निरीक्षणाची वही निघाली.

यानंतरची गोष्ट प्रसिद्ध आहे. साल १९०८ च्या आसपासचं. सलीमने अशीच एक चिमणी पाडली. घरी खायची तर ती हलाल केली पाहिजे हा शिरस्ता. तो पाळताना त्याला दिसलं की या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग आहे, हळदीचं बोट लागल्यासारखा. ही नेहमीची चिमणी नाही. मग ही खाल्लेली चालेल का? तो ती घेऊन मामाकडे गेला.

मित्रांनो, इथे मी पुस्तक खाली ठेवलं. शंभर वर्षांपूर्वीचा मुंबईतला मामा आणि उमरेडच्या पलीकडच्या अंगणात खाटेवर बसलेला मी. समोर तसाच पोरगा, हातात तसाच मेलेला पक्षी, तसाच प्रश्न. त्या मामालाही उत्तर येत नव्हतं. पण तो फेक म्हणाला नाही. त्याने एक चिठ्ठी लिहिली आणि पोराला त्या पक्ष्यासकट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं.

ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तेव्हा तिचा कारभार अपोलो स्ट्रीटवरच्या फिप्सन आणि कंपनी या दारूच्या व्यापारी पेढीच्या जागेतून चाले. मानद सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. एका मोठ्या गोऱ्या साहेबासमोर एकटं जायचं म्हणून सलीम घाबरलेला. त्याला वाटलं, हाकलून देतील. मिलार्डनी पुडी उघडली, चिमणी बघितली आणि लगेच ओळखली: पिवळ्या गळ्याची रानचिमणी. एवढं सांगून ते मोकळे झाले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी पोराला आत नेलं, कपाटांचे खण ओढले आणि चिमण्यांच्या जातीतले पेंढा भरलेले नमुने एकेक करून दाखवले. त्या खणांत किती प्रकारच्या चिमण्या असू शकतात हे त्या दिवशी त्या मुलाला पहिल्यांदा कळलं. मिलार्डनी त्याला वाचायला पुस्तकं दिली, नमुने कसे तयार करायचे ते शिकायला ये म्हणून सांगितलं. संस्थेतल्या किनियर नावाच्या तरुण क्युरेटरने ते शिकवलं.

हे शिक्षण म्हणजे काय होतं? पक्षी मारायचा, पण फाटू द्यायचा नाही. म्हणून पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे लोक बारीक नळी आणि धुळीसारखे बारीक छर्रे वापरायचे. मोठ्या बोअरच्या माऱ्यात छोट्या पाखराची नुसती पिसं उरतात. नंतर कातडं सोलायचं, त्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळायचं, कापूस भरायचा, शिवायचं. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे, कधी, कुणी, नर की मादी. चिठ्ठी नसेल तर नमुन्याला किंमत शून्य. आपल्या जर्नलमध्ये रीडिंग आहे पण युनिट नाही, तसं.

आता कुणाला वाटेल की एवढं झाल्यावर गाडी रुळावर आली आणि सलीम अली शास्त्रज्ञ झाले. नाही. हॉस्टेलवरच्या आपल्या भावंडांनी हा भाग नीट वाचावा. तेराव्या वर्षी सततच्या डोकेदुखीने शाळा सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये जावं लागलं. १९१३ मध्ये मॅट्रिक कसंबसं झालं. सेंट झेवियर्स कॉलेजचं पहिलंच वर्ष इतकं जड गेलं की कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात, टॅव्हॉयला गेले. तिथे घरच्यांचा लाकडाचा आणि वुल्फ्रॅमच्या खाणीचा धंदा होता. वुल्फ्रॅम म्हणजे टंगस्टनचं खनिज. पहिल्या महायुद्धात पोलादासाठी त्याला मोठी मागणी. पण भाऊ धंद्यात कमी आणि जंगलात जास्त. तिथेच त्यांनी पहिली मोटरसायकल घेतली, साडेतीन अश्वशक्तीची एनएसयू. हा नाद पुढे आयुष्यभर टिकला: सनबीम, डग्लस, स्कॉट, हार्ले डेव्हिडसन तर तीन. १९५० मध्ये स्वीडनमध्ये उप्साला इथे पक्षितज्ज्ञांची जागतिक परिषद होती, तेव्हा हा त्रेपन्न वर्षांचा माणूस आपली सनबीम बोटीवर चढवून युरोपात घेऊन गेला, वाटेत दोन-चारदा आपटला आणि सामान लादलेल्या गाडीवरून थेट परिषदेच्या दारात उतरला. तिथे अफवा उठली की हा भारतातून गाडी चालवत आला.

ते मागे राहिलं. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. व्यापारी कायदा आणि हिशोब शिकायला घेतलं, बरोबर सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्र. १९१८ च्या डिसेंबरमध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पुन्हा ब्रह्मदेश, मग धंदा बुडाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, ती मिळाली नाही. कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. ज्या माणसाच्या पुस्तकावरून पुढे सगळा देश पक्षी ओळखायला शिकला, तो पदवी नाही म्हणून मुलाखतीत बाद. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून महिना साडेतीनशे रुपयांवर नोकरी लागली. दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पुरेसं येत नाही. रजा घेऊन ते १९२८ मध्ये बर्लिनला गेले, एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकले. १९३० मध्ये परत आले तर पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द केलेली.

नोकरी नाही, मुंबईत राहणं परवडत नाही. नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अली रोज आडोशाला बसून तासन्‌तास नुसतं बघत राहिले. तोवर सगळ्यांना वाटायचं की नर-मादी मिळून संसार थाटतात. त्यांना दिसलं ते वेगळंच. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते. नर ते पूर्ण करून देतो आणि लगेच पुढच्या घरट्याला आणि पुढच्या मादीच्या मागे लागतो. हा शोध बेकारीत लागला.

तबेल्यातली चिमणी आणि किहीमची सुगरण यांच्यामध्ये पंचवीस वर्षं आहेत. प्रश्न तोच आहे: जोड्या कशा जमतात. पहिल्या वेळी उत्तरासाठी आठ नर मारले होते. या वेळी बसून राहिले.

पण म्हणून त्यांनी बंदूक टाकली असं समजू नका. तसं लिहिलं तर लेख छान होईल, पण खोटा होईल. पुढच्या काळात त्यांनी हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांमध्ये पक्ष्यांची सर्वेक्षणं केली. अट एकच: प्रवासाचा खर्च संस्थानाने द्यावा, माझे कष्ट फुकट. हैदराबाद संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. तेहमिना बरोबर असत. तंबू, बैलगाडी, पत्रव्यवहार सगळं सांभाळत. या सर्वेक्षणांत त्यांनी खूप पक्षी मारून नमुने केले, कारण त्या काळी जात पक्की करायला दुसरा मार्ग नव्हता. याबद्दल त्यांनी कधी गळा काढला नाही आणि लपवलंही नाही. नमुन्यांशिवाय पक्ष्यांचं शास्त्र उभं राहिलं नसतं, हे त्यांचं मत शेवटपर्यंत कायम होतं.

मग शिकारी आणि सलीम अली यांच्यात फरक काय? मला तो भरतपूरच्या दगडावर सापडला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी भरतपूरच्या पाणथळीत शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पक्षी. आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. योगायोग असा की त्याच दिवशी सलीम अली बेचाळीस वर्षांचे झाले. त्या दगडावर तारीख आहे, पाहुण्याचं नाव आहे, आकडा आहे. ते पक्षी कोणते होते हे नाही. चिठ्ठीच नाही. हाच फरक.

चिठ्ठीचं मोल किती, हे आपल्या भागातल्या एका पक्ष्याने दाखवलं. रानपिंगळा. याचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात मिळाला. तेव्हा तो मुलूख मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरहून कारभार चालणाऱ्या प्रांतात होता. १८८४ नंतर पक्षी दिसेना. फक्त रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ सालचा, गुजरातमधल्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. याच माइनर्टझागेनबरोबर सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात हिंडले होते. पुढे रानपिंगळ्याचा शोध घेणाऱ्यांत सलीम अलीही होते, पण तो हाती लागला नाही. ते गेल्यानंतर उघड झालं की माइनर्टझागेनने दुसऱ्यांचे जुने नमुने चोरून त्यांना खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि मांडवीचा रानपिंगळाही त्यातलाच. ती चिठ्ठी बाजूला काढून जुन्या खऱ्या नोंदींमागे गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. नंतर तो आपल्या मेळघाटातही सापडला. चोरलेल्या एका कातड्यावरची एक खोटी ओळ, आणि शोधणारे वर्षानुवर्षं चुकीच्या दिशेला.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं, जे घेऊन आजही लोक रानात जातात. साठच्या दशकात सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतरी पक्ष्यांचा मोठा प्रकल्प चालवला. पक्षी बारीक जाळ्यात धरायचा, पायात अॅल्युमिनियमची नंबर कोरलेली कडी घालायची आणि सोडून द्यायचा. म्हणजे चिठ्ठी आता जिवंत पक्ष्याच्या पायाला बांधली जाऊ लागली. सिडनी डिलन रिप्ले यांच्याबरोबरचा दहा खंडांचा पक्षिग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. गेटी पारितोषिकाचे एक लाख डॉलर मिळाले, ते त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीत घातले.

भरतपूरचा तलाव स्वातंत्र्यानंतर शेतीसाठी मोडीत निघणार होता. तो वाचवायला सलीम अली थेट नेहरूंपर्यंत गेले आणि तो वाचला. पण याच भरतपुरात त्यांचं चुकलंही. गुराढोरांच्या चराईने पक्ष्यांचं नुकसान होतं असं मानून १९८२ मध्ये तिथे चराईबंदी आली. बंदी हवी म्हणणाऱ्यांत सलीम अलीही होते. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पुढे त्यांच्याच सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून निघालं की म्हशी चरायच्या थांबल्याने गवत माजलं आणि पक्ष्यांच्या पाण्याची जागा कमी झाली. मोजायच्या आधी ठरवलं की काय होतं, त्याचं हे उदाहरण, आणि ते जन्मभर मोजत आलेल्या माणसाच्या बाबतीत घडलेलं. ते मला त्यांच्या सन्मानांइतकंच लक्षात ठेवावंसं वाटतं.

२० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, सलीम अली मुंबईत गेले.

पुस्तक संपलं तेव्हा पेपर चार दिवसांवर होता. तरी रविवारी मी सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात गेलो. १८६३ सालचं हे संग्रहालय, आपण सगळे लहानपणी एकदा जातो आणि पुन्हा फिरकत नाही. काचेआडच्या भुस भरलेल्या पाखरांसमोर मी पहिल्यांदा पाट्या वाचत उभा राहिलो. मग लायब्ररीत पक्ष्यांचं पुस्तक उघडून हिरवं अंग, लाल कपाळ, पिवळा गळा शोधला. सापडला. तांबट. उन्हाळ्यात भर दुपारी हॉस्टेलच्या खिडकीतून जे टुक-टुक-टुक ऐकू येतं आणि जे मी तीन वर्षं वर्कशॉपमधला आवाज समजत होतो, तो हाच. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडल्यासारखा आवाज, म्हणून तांबट.

दिवाळीला मामाजींकडे गेलो. मामेभावाला म्हटलं, तो तू मारलेला पक्षी तांबट होता. तो लगेच काही बोलला नाही. मग मला परसात घेऊन गेला आणि शेवग्याच्या एका वाळक्या फांदीवरचं गोल भोक दाखवलं. हे त्यानेच पाडलं होतं, म्हणाला, चोचीने, आठवडाभर. मी रोज बघत होतो. म्हणून तर तुला विचारलं.

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. बॅगमध्ये एक अर्धं कोरं जर्नल होतं, ते त्याला दिलं. तारीख, जागा, काय दिसलं, असे रकाने आखून दिले. गुलेर अजून त्याच्या खिशात आहे, ती काढून घेण्याचा अधिकार मला नाही. वहीत आतापर्यंत अकरा ओळी झाल्यात, असं परवा फोनवर कळलं.

बंदुकीचं अजून ठरलेलं नाही. मामाजींनी पुन्हा विचारलं तर उत्तर वीस बोअर हेच आहे, गणित काही चुकलेलं नाही. फक्त त्या दिवशी अंगणात जास्त अवघड प्रश्न मामाजींनी विचारला नव्हता.